चौथी अट

रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकेचं, म्हणजे पोपच्या मोठ्या चर्चचं, पवित्र द्वार ओलांडून वसईकडच्या यात्रेकरूंचा एक गट आत शिरला, तेव्हा त्यातल्या सत्तरीच्या एका मावशींनी सोबतच्या फादरांची बाही धरून विचारलं, “फादर, आता कागद कुठं मिळतो?” कागद नसतो, असं फादरांनी सांगितलं. “मग मिळालं की नाही ते कळणार कसं?” एवढं होईपर्यंत मागची रांग अंगावर आली, स्वयंसेवकानं हातानं खूण केली आणि गट पुढे सरकला. मावशींचा प्रश्न तिथेच राहिला. तो भाबडा मुळीच नव्हता. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे, व्हिसाची धावपळ, गुडघ्याला पट्टा बांधून केलेली चाल, आणि शेवटी हातात काहीच नाही. घरपट्टीपासून गॅसच्या नंबरापर्यंत प्रत्येक गोष्टीची पावती डब्यात जपून ठेवणाऱ्या बाईला हे विचारावंसं वाटणारच.

कागद रोममध्ये मिळतोही, पण तो वेगळ्या गोष्टीचा. शेवटचे किमान शंभर किलोमीटर पायी किंवा दोनशे किलोमीटर सायकलवर करून जो सेंट पीटर्सला पोहोचतो, त्याला यात्रेचं प्रमाणपत्र देतात. त्यासाठी वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के दाखवावे लागतात. पाय किती चालले याची ती नोंद असते. मावशी विचारत होत्या ते पूर्ण दंडमाफीबद्दल, पापाच्या क्षमेनंतरही उरणाऱ्या दंडाच्या माफीबद्दल, म्हणजे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मार्टिन ल्यूथरच्या धड्यात आपण सगळ्यांनी वाचलेल्या त्या ‘इंडल्जन्स’बद्दल. त्या धड्यात ती विकली जाते, ल्यूथर चिडतो आणि युरोप दुभंगतो. धडा तिथे संपतो. त्यानंतरची पाचशे वर्षं ही गोष्ट चालूच आहे, तिचा पैशाशी संबंध कधीच तुटला आहे आणि आपल्याच वाड्यांतली माणसं ती मनापासून मागतात, हे धड्याबाहेर राहून जातं.

२०२५च्या ज्युबिलीत, म्हणजे कॅथलिक धर्मसभेच्या पवित्र वर्षात, रोमला गेलेल्यांना ती वाट पाठ असेल. आधी नोंदणी, तीही मोफत. मग पियाझ्झा पिया या चौकात गटाला एक लाकडी क्रूस देतात. गटातली माणसं तो आळीपाळीनं धरतात आणि विया देला कॉन्चिलियाझिओने या सरळ रस्त्यानं, प्रार्थना म्हणत, बॅसिलिकेकडे निघतात. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर, पण उन्हात, क्रुसाच्या चालीनं, मागे-पुढे पोलिश नि ब्राझिलियन गटांची गाणी ऐकत जाताना ते लांब वाटतं. मग सुरक्षातपासणी: पट्टे, बाटल्या, चाव्या. शेवटी दर्शनी भागातलं अगदी उजवीकडचं दार. त्यावर सोळा चौकटींत कोरलेले ब्राँझचे प्रसंग आहेत. शिल्पकार विको कोन्सोर्ती यांनी १९५०च्या ज्युबिलीसाठी केलेलं हे दार एरवी आतून विटांनी बुजवलेलं असतं. पूर्वी तर पोप हातोडीनं ठोकत आणि अख्खी भिंत कोसळवली जाई. १९७४च्या नाताळच्या पूर्वसंध्येला मलब्याचे तुकडे पोप सहावे पॉल यांच्या अगदी जवळ पडले. त्यानंतर ही पद्धत बदलली. आता विटा आधीच काढतात, त्यांच्यामागे ठेवलेली पेटी बाहेर घेतात आणि पोप फक्त दार ढकलतात. २४ डिसेंबर २०२४ रोजी व्हीलचेअरवरून पोप फ्रान्सिस यांनी ते उघडलं. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ६ जानेवारी २०२६ रोजी दार बंद केलं ते पोप चौदावे लिओ यांनी.

बहुतेकांच्या हातून खरी चूक होते ती इथेच, दाराच्या आत दहा पावलांवर. उजवीकडे पहिल्याच चॅपलमध्ये काचेमागे मायकलअँजेलोची ‘पिएता’ आहे. सगळे फोन वर जातात. पुढे घुमट, संत पीटरच्या कबरीवरची वेदी, पुन्हा फोटो, आणि अर्ध्या तासात माणूस बाहेर चौकात सावली शोधतो. दार ओलांडलं म्हणजे काम झालं, असा समज घट्ट आहे. व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शियरी या न्यायासनानं १३ मे २०२४ रोजी काढलेला आदेश वाचला तर दिसतं की सगळा भर आत गेल्यावर काय करायचं यावर आहे. यात्रेकरूनं तिथे मिस्सात, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, भाग घ्यावा, किंवा रोझरी म्हणजे जपमाळ, क्रुसाची वाट, शास्त्रवाचनाची उपासना यांपैकी काही करावं. एकट्यानं किंवा गटानं नुसत्या भेटीसाठी आलेल्यानं पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे अभिषिक्त भाकरीसमोर, पुरेसा वेळ आराधनेत आणि मननात घालवावा, शेवटी ‘आमच्या बापा’, श्रद्धेची कबुली आणि मरियेची एखादी विनवणी म्हणावी. दार ही खूण आहे. खुणेला हात लावून परतलेला माणूस यात्रा करून आला हे खरं, पण मागायला गेला होता ते मागायचंच राहिलं.

मागायचं काय, हे नीट कळावं म्हणून आपल्याकडच्या खारजमिनीकडे पाहावं. वसई-पालघरपासून गोव्याच्या खाजणांपर्यंत ज्यांनी खाडीकाठची शेती पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. उधाणाच्या भरतीत बांध फुटतो, खारं पाणी भातात शिरतं. गावकरी रात्रीतून माती टाकून बांध पुन्हा उभा करतात, उघाडीतून पाणी काढून देतात. आता खाडी बाहेर आणि शेत आत. पण मीठ मातीत राहिलेलंच असतं. पुढचा पावसाळा जातो, रोपं पिवळी पडतात. गोडं पाणी साठवून सोडावं लागतं, पुन्हा साठवून सोडावं लागतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर जमीन धरते. कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करण्याच्या विधीत, पाप धुतलं जातं म्हणजे बांध सांधला जातो. देवाशी तुटलेलं नातं जुळतं, नरकदंड टळतो, त्यात काहीही उरत नाही. उरतं ते मीठ. खोटं बोलण्याची लागलेली सवय, ज्याचं नुकसान केलं त्याचं अजून न भरलेलं नुकसान, मनाला आलेला वाकडेपणा. ते याच आयुष्यात प्रायश्चित्तानं, दानानं, दुःख सोसून निघतं, नाहीतर मरणानंतर शुद्धिस्थानात, जिथे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो. दंडमाफी असते ती या उरलेल्या मिठाची, पापाची कधीच नाही. पापाची क्षमा आधी झालेली असावीच लागते.

हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं, आणि इतिहासात तो उलटा केला गेला.

आरंभ स्वच्छ होता. तिसऱ्या शतकात, सम्राट देसियसच्या छळात जे श्रद्धेपासून ढळले त्यांना लांबलचक जाहीर प्रायश्चित्त असे. श्रद्धा न सोडल्यामुळे तुरुंगात मरणाची वाट पाहणारे साक्षीदार त्यांच्यासाठी बिशपांना विनंतीपत्रं लिहीत: आमच्या यातना याच्या बाजूनं धरा आणि याला लवकर परत घ्या. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांना ही पत्रं इतकी मिळू लागली की त्यांच्या गैरवापराची तक्रार त्यांनाही करावी लागली. म्हणजे रोगही जन्माबरोबरच आला. पण त्या पत्रांच्या मुळाशी असलेली कल्पना फार कोवळी आहे: एकाच्या सोसण्याचा दुसऱ्याला आधार होतो. पुढे ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा ठेवा धर्मसभेच्या हाती आहे आणि ती त्यातून देऊ शकते, असा सिद्धांत १३४३ साली पोप सहावे क्लेमेंट यांनी मांडला. त्याआधी १३०० साली पोप आठवे बोनिफेस यांनी पहिली ज्युबिली जाहीर केली होती. अट अशी होती की रोमकरांनी तीस दिवस आणि बाहेरून आलेल्यांनी पंधरा दिवस संत पीटर आणि संत पॉल यांच्या बॅसिलिकांना भेट द्यायची. पंधरा दिवस! आल्प्स ओलांडून आलेला शेतकरी पंधरा दिवस रोज दोन्ही बॅसिलिकांच्या फेऱ्या मारायचा. १४५०च्या ज्युबिलीत डिसेंबरच्या एका संध्याकाळी तायबर नदीवरच्या सांत आंजेलो पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि शंभराहून अधिक माणसं मेली. तीही दंडमाफी मागायलाच आली होती.

कागद आला तो याच सुमाराला. गुटेनबर्गच्या काळातल्या छपाईचे तारीख असलेले सगळ्यात जुने नमुने म्हणजे १४५४-५५ची माफीपत्रं. सायप्रसच्या रक्षणासाठी पैसा उभा करायचा होता. छापील मजकूर, आणि नाव व तारीख भरायला मोकळी जागा. ती पत्रं बारकाईनं वाचली तर त्यांत कन्फेशन रद्द केलेलं नाही. पत्रधारकाला स्वतःचा कन्फेसर, म्हणजे कन्फेशन ऐकणारा फादर, निवडता येई आणि तो कन्फेशननंतर पूर्ण माफी देई. पण नाव भरलेला कागद घरात आला की मधल्या पायऱ्या कोण लक्षात ठेवतो? १५१५ नंतर जर्मनीत सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी जी मोहीम चालली, तिच्या उत्पन्नातला अर्धा वाटा माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांनी फुगर पेढीकडून काढलेलं कर्ज फेडण्यात जात होता. त्यांच्या सूचनापत्रात राजे आणि बिशपांसाठी पंचवीस सुवर्ण गुल्डन असा दर होता. खाली उतरत उतरत, ज्याच्याकडे पैसा नाही त्यानं प्रार्थना आणि उपवास द्यावेत, असंही लिहिलं होतं. मात्र मेलेल्यांसाठी माफी घेणाऱ्याला कन्फेशनची किंवा पश्चात्तापाची गरज नाही, हेही तिथे होतं. शेत न पाहता बांधाची पावती फाडण्याचा हा प्रकार. ल्यूथरचा राग समजून घ्यायला प्रोटेस्टंट असावं लागत नाही. कॅथलिक धर्मसभेच्या त्रेंतच्या परिषदेनं १५६२मध्ये माफीसाठी पैसे गोळा करणाऱ्यांचं पदच मोडीत काढलं, आणि १५६७मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेल्या सगळ्या माफ्या रद्द केल्या. हे काम आधीच्या पन्नास वर्षांत कोणी केलं असतं तर युरोपचा इतिहास कसा गेला असता, हा विचार मनातून जात नाही.

पैसा गेला तरी मोजमाप उरलं. आजी-आजोबांच्या प्रार्थनापुस्तकांत प्रार्थनेखाली बारीक अक्षरांत ‘३०० दिवसांची माफी’ किंवा ‘७ वर्षांची माफी’ असं छापलेलं असे. शुद्धिस्थानातले तीनशे दिवस कमी झाले, असं जवळपास सगळेच समजत. मूळ अर्थ होता: प्राचीन काळच्या तीनशे दिवसांच्या जाहीर प्रायश्चित्ताइतकं मोल. त्या प्रायश्चित्ताची पद्धतच विस्मरणात गेल्यावर आकडा तेवढा उरला, आणि लोक बेरजा करू लागले. १ जानेवारी १९६७ रोजी पोप सहावे पॉल यांनी दिवस आणि वर्षं काढून टाकली. तेव्हापासून माफी दोनच प्रकारची: पूर्ण आणि अंशतः.

पूर्ण माफीच्या अटी धर्मग्रामातल्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फलकावर लिहिलेल्या असतात, तरी त्यांतल्या बारकाव्यांवर गोंधळ होतोच. पहिल्या तीन अटी म्हणजे कन्फेशन, कम्युनियन (मिस्सातली अभिषिक्त भाकर घेणं) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना. कन्फेशन त्याच दिवशी हवं असं नाही. आधी किंवा नंतर सुमारे वीस दिवसांत झालेलं चालतं, आणि एका कन्फेशनवर त्या काळात अनेक पूर्ण माफ्या मिळू शकतात. म्हणून रोमला किंवा फातिमाला निघणाऱ्यानं आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच भाषेत, निघण्याच्या आठवड्यात कन्फेशन करावं हे उत्तम. सेंट पीटर्समध्ये कन्व्हेंच्युअल फ्रान्सिस्कन फादर अनेक भाषांत कन्फेशन ऐकतात, पण थकलेल्या, रांगेत उभ्या माणसाला मोडक्या इंग्रजीत मन उघडं करता येत नाही. नुसती यादी वाचून होते. कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठीची प्रार्थना मात्र प्रत्येक माफीसाठी स्वतंत्र लागते, आणि शक्यतो त्याच दिवशी. प्रार्थना कोणती? एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मरिया’ पुरे. पोपच्या हेतूंसाठी म्हणजे पोपच्या तब्येतीसाठी नव्हे. धर्मसभेच्या ज्या गरजा पोप देवापुढे मांडतात, त्यांच्यासाठी. दिवसाला पूर्ण माफी एकच. काम पूर्ण होतं त्या क्षणी तरी माणूस कृपावस्थेत, म्हणजे गंभीर पापापासून मुक्त, हवा, आणि माफी घेण्याचा हेतू मनात हवा. निदान सकाळी एकदा, ‘आज जे जे करीन त्यातली सगळी माफी मला हवी’ असा.

इथवर सगळं तपासता येतं. मग येते चौथी अट.

कोणत्याही पापाची, अगदी हलक्यातल्या हलक्या पापाचीही, ओढ मनात नसावी. फलकावर ही ओळ शेवटी असते आणि बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरते. जे थांबतात ते घाबरतात: मग तर कुणालाच मिळणार नाही! पण अट निष्पाप असण्याची नाही, मोह न होण्याचीही नाही. उद्या चिडचिड होणार हे माहीत असलेला माणूसही ती पूर्ण करू शकतो. अट अशी आहे की एखादं पाप ‘हे एवढं राहू दे’ म्हणून बाजूला काढून ठेवलेलं नसावं. वाडीच्या वाटेवरून सख्ख्या भावाशी वीस वर्षांचा अबोला आहे. कन्फेशनमध्ये सांगितलं, माफही केलं. पण त्याच्या घरी काही वाईट घडल्याची बातमी आली की आत कुठंतरी किंचित गार वाटतं, आणि ते गार वाटणं सोडायची तयारी नाही. ओढ म्हणतात ती हीच. शेजारणीबद्दल चर्चच्या पायरीवर रंगणाऱ्या गप्पा, कामगाराच्या मजुरीतून दर आठवड्याला कापलेले थोडे रुपये, यांना आपण पाप म्हणतो, पण त्यांच्यावाचून जगणं आपल्याला अळणी वाटतं. ही ओढ असेल तर माफी मिळतच नाही असं नाही, ती अंशतः मिळते. आणि ती आहे की नाही हे कोण ठरवणार? पोपही ठरवू शकत नाहीत, कन्फेसरही नाही. स्वतःबद्दल आपलीही खात्री कच्ची असते. ज्या गोष्टीची नोंद फक्त देवाला ठेवता येते तिचा दाखला कुठल्या कार्यालयातून मिळावा?

मला वाटतं, यात्रेची सगळी शारीरिक मेहनत या अटीसाठी आहे. रोममध्ये लॅटरनसमोर स्काला सांता, म्हणजे पवित्र जिना आहे: अठ्ठावीस पायऱ्या, फक्त गुडघ्यांवर चढायच्या. संगमरवरावर १७२३ सालापासून अक्रोडाच्या फळ्या बसवलेल्या आहेत. पहिल्या पाच-सहा पायऱ्या माणूस उत्साहात चढतो. दहाव्याच्या आसपास नडगीचं हाड फळीच्या कडेवर येतं आणि डोळ्यांत पाणी उभं राहतं. घाईनं वर गेलेल्यांच्या पदरी दुखणंच पडतं. जे प्रत्येक पायरीवर थांबतात, पुढच्याचे तळवे समोर दिसत असताना एक एक प्रार्थना सावकाश म्हणतात, त्यांना वर पोहोचायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात बाजूला काढून ठेवलेल्या गोष्टी नावानिशी आठवू लागतात. संत फिलिप नेरी सोळाव्या शतकात रोमच्या तरुणांना एका दिवसात सात चर्चना पायी नेत. वीस-बावीस किलोमीटर चाल, वाटेत जेवण, आणि गाणी. आपलीशी वाटते ती त्यांची ही गाण्यांची रीत. नुसत्या कष्टानं ओढ सुटत नाही, ती सुटते त्याहून गोड काही चाखल्यावर. डिसेंबरच्या सुरुवातीला बेळगाव, कारवार, सिंधुदुर्गाकडून जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी पायी येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर हे दिसतं. पायांना फोड, आवाज बसलेला, आणि गाणं थांबत नाही.

इथे एक गल्लत वारंवार होते, ती नवसाशी. सप्टेंबरात बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहतात. पाय बरा व्हावा म्हणून मेणाचा पाय. त्या भाबडेपणात विश्वास आहे, आणि तो हिणवण्यासारखा नाही. पण नवसाला फळाची खूण असते: पाय बरा झाला, घर झालं. दंडमाफीत या जगातलं काहीच मागितलेलं नसतं. म्हणून नवसाच्या सवयीनं माफीकडे पाहणारा माणूस रिकाम्या हातानं परतल्यासारखा होतो. ‘परदेशातल्या मुलाच्या नावानं एक माफी घेते’ म्हणणाऱ्या आयाही भेटतात. ते करता येत नाही. जिवंत माणसासाठी प्रार्थना करावी, मिस्सा सांगावी, उपवास करावा, पण दंडमाफी त्याची त्यानंच घ्यायची. त्याची चौथी अट दुसरं कोण पूर्ण करणार?

मेलेल्यांसाठी मात्र घेता येते. १४७६ साली पोप चौथे सिक्स्टस यांनी ही वाट पहिल्यांदा स्पष्टपणे उघडली. तिची रीत वेगळी आहे. जिवंतांना धर्मसभा अधिकारानं माफी देते. मेलेले तिच्या अधिकाराबाहेर गेलेले असतात, त्यांच्यासाठी ती देवाकडे याचना करते. म्हणून आईच्या नावानं घेतलेली माफी आईला किती आणि कधी पोहोचली, याचंही उत्तर मिळत नाही. तरीही स्वतःच्या वाट्याची एखादी गोष्ट मेलेल्या माणसाच्या हातात ठेवता येते, ही सोय मला कॅथलिक धर्मातल्या सगळ्यात मायेच्या गोष्टींपैकी एक वाटते. आपल्या कितीतरी गोष्टी त्यांना सांगायच्या राहून गेलेल्या असतात. २०२५च्या आदेशात तर एरवीचा दिवसाला एकचा नियमही याच कारणासाठी सैल केला होता. ज्यानं शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी प्रेमाची कृती केली आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा रीतसर कम्युनियन घेतलं, त्याला दुसरी पूर्ण माफी मृतांसाठी घेता येत होती.

यात्रेला जाऊच न शकणाऱ्यांचं काय, हा प्रश्न धर्मसभेनं प्रत्येक ज्युबिलीत नव्यानं सोडवला आहे. २०१६च्या दयेच्या वर्षी जगभरच्या धर्मप्रांतांत दयेची द्वारं उघडली. तुरुंगातल्यांसाठी पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं की प्रार्थना करत कोठडीचा उंबरा ओलांडला तरी ते पवित्र द्वार ओलांडणं ठरेल. २०२५मध्ये द्वारं रोममध्येच राहिली: चार पोपीय बॅसिलिका आणि २६ डिसेंबर २०२४ला उघडलेलं रेबिब्बिया तुरुंगातलं. आपल्याकडे अनेकजण कॅथेड्रलमध्ये द्वार शोधत होते. तिथे द्वार नव्हतं, पण बिशपांनी नेमलेल्या ज्युबिली चर्चमध्ये यात्रा करून तीच माफी मिळत होती. शिवाय आजारी, एकटे म्हातारे, कैदी, अपंग यांच्याकडे काही वेळ जाऊन बसणं हीसुद्धा यात्राच धरली होती, आणि ती रोज करता येत होती. आठवड्यातून निदान एक दिवस टीव्ही, मोबाइल, समाजमाध्यमं यांचा निरर्थक नाद सोडून वाचलेलं गरिबांना देणं, हेही त्यात होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूला दोन घास भरवणाऱ्या सुनेला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. चर्चच्या सूचनांत रोमच्या सहलीचे दरच जास्त ऐकू आले, याचं वाईट वाटतं.

आणि २०२०. २० मार्चला जाहीर झालेल्या आदेशानं करोनाचे रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे, घरात कोंडलेले, सगळ्यांना पूर्ण माफी दिली. अटी जमतील तेव्हा पूर्ण करायच्या. सगळ्यात मोठी तरतूद मरणाऱ्यांसाठी होती. ज्याला शेवटचा अभ्यंग, म्हणजे मरणाऱ्याला फादर देतात तो तेलाचा संस्कार, मिळू शकत नाही, पण मन तयार आहे आणि ज्यानं आयुष्यात नेमानं काही ना काही प्रार्थना म्हटली आहे, त्याच्या राहिलेल्या तीन अटी धर्मसभा स्वतः भरून काढते. हा नियम पूर्वीपासूनचा आहे, त्या महिन्यात तो पुन्हा मोठ्यानं सांगितला गेला. व्हेंटिलेटरच्या आवाजात, नातेवाइकांवाचून, फादरांवाचून मेलेल्या कितीतरी माणसांनी लहानपणापासून रोज संध्याकाळी रोझरी म्हटली होती. घरी मागे राहिलेल्यांना याचा केवढा आधार झाला असेल.

रोज करता येण्यासारखंही पुष्कळ आहे, आणि ते ज्युबिलीवर अवलंबून नाही. चर्चमध्ये किंवा घरी कुटुंबानं मिळून म्हटलेली रोझरी, अर्धा तास बायबलचं भक्तीनं वाचन, अर्धा तास आराधना, क्रुसाची वाट, यांतल्या प्रत्येकाला नेहमीच्या अटींवर पूर्ण माफी आहे. रोझरीचे पाच दशक, म्हणजे दहा-दहा ‘नमो मरियां’चे गट, सलग म्हणायचे, आणि रहस्यांचं, म्हणजे ख्रिस्ताच्या आणि मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं, मनन करायचं. मध्येच दूधवाल्याशी बोलून उरलेले तीन दशक रात्री म्हटले तर सलगपणा मोडतो. २ ऑगस्टला, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या पोर्तियुंकुला या छोट्या चर्चच्या आठवणीसाठी, कुठल्याही धर्मग्रामाच्या चर्चला भेट देऊन तिथे ‘आमच्या बापा’ आणि श्रद्धेची कबुली म्हणायची.

मृतांसाठीची मोठी संधी १ ते ८ नोव्हेंबरची. या आठ दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात केली तरी, रोज एक पूर्ण माफी मिळते, फक्त मृतांसाठी. २ नोव्हेंबरला संध्याकाळी वसईच्या दफनभूमींत फुलं, मेणबत्त्या आणि माणसांची दाटी असते. तेव्हा शांतपणे उभं राहायला जागा मिळत नाही. म्हणून जमेल त्यानं उरलेल्या दिवसांतली एखादी सकाळ निवडावी. कन्फेशन ऑक्टोबरच्या अखेरीला उरकलं तर आठही दिवसांना पुरतं. कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठीची प्रार्थना तेवढी रोजची रोज. २ तारखेला चर्चला भेट देऊनही ही माफी घेता येते, तिथे ‘आमच्या बापा’ आणि श्रद्धेची कबुली म्हणायची. दफनभूमी आपल्याच गावची हवी, आपल्याच माणसाची कबर तिथे हवी, अशी अट नाही. मुंबईत जागेअभावी काही वर्षांनी कबर उकरून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात, टोरोंटोत राहणाऱ्याची आई नंदाखालला पुरलेली असते. अशांनी जवळच्या कुठल्याही दफनभूमीत जावं, अनोळखी कबरींमध्ये उभं राहावं आणि आपल्या माणसाचं नाव घ्यावं.